एक माना, तीन डॅमेज

पाकीट फोडलं की मुलांचा अंगठा वरची पानं भराभर मागे सारतो. शोध चाललेला असतो तो एका ‘रेअर’ पानाचा. ते दिसलं की आनंद किंवा हिरमोड, जे व्हायचं ते होऊन जातं आणि उरलेली पानं टेबलाच्या कडेला जातात. दिवाळीच्या सुट्टीत माझ्या भाच्याने अशीच एक चळत माझ्याकडे सरकवली. “मामा, ही सगळी कॉमन आहेत. तुला हवी तर घे.”

मी ती घेतली आणि माझ्या डब्यातून एक पान काढून त्याच्यापुढे ठेवलं. पांढरी किनार, आत लाल चौकट, वीज कोसळतानाचं चित्र आणि वर नाव, ‘लाइटनिंग बोल्ट’. “हेही कॉमनच आहे,” मी म्हटलं. त्याने ते हातात घेतलं, उलटसुलट पाहिलं आणि विचारलं, “मग एवढं प्लॅस्टिकच्या कव्हरात घालून का ठेवलंयस?”

त्या प्रश्नाचं उत्तर द्यायला सबंध दुपार लागली. तेच इथे सवडीने लिहितो.

आधी खेळाविषयी. मेंढीकोट खेळताना 52 पानांचा एकच जोड मधे असतो आणि त्यातूनच सगळ्यांना वाटप होतं. ‘मॅजिक: द गॅदरिंग’ या खेळात प्रत्येक खेळाडू आपला जोड घरून बांधून आणतो. आजवर निघालेल्या 25,000हून अधिक वेगवेगळ्या पानांतून त्याने निदान 60 पानं निवडलेली असतात. या जोडाला ‘डेक’ म्हणतात. दोघे समोरासमोर बसतात, आपापला डेक पिसतात आणि प्रत्येकी सात पानं उचलतात. प्रत्येकाकडे 20 प्राण असतात. समोरच्याचे प्राण शून्यावर आणले की डाव जिंकला.

पानं विकत घ्यायची, ती बंद पाकिटातून. आत काय निघेल ते आधी कळत नाही. नको असलेली पानं मित्राला द्यायची, हवी असलेली त्याच्याकडून घ्यायची. बबलगमबरोबर मिळणारी क्रिकेटपटूंची चित्रं ज्यांनी लहानपणी जमवली आणि शाळेच्या मधल्या सुट्टीत बदलली, त्यांना हा व्यवहार वेगळा समजावून सांगायला नको. फरक इतकाच, की इथे जमवलेल्या पानांनी खेळायचंही असतं.

हा खेळ रिचर्ड गारफिल्ड या गणितज्ञाने रचला. तेव्हा तो पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात संयोजन-गणितात पीएच.डी. करत होता. 1991 मध्ये तो एक पटावरचा खेळ घेऊन सिअॅटलजवळच्या ‘विझार्ड्स ऑफ द कोस्ट’ या छोट्या कंपनीच्या पीटर अॅडकिसनकडे गेला. अॅडकिसनला मात्र खिशातून नेता येईल आणि मधल्या मोकळ्या वेळात खेळून होईल असं काहीतरी हवं होतं. त्यातून हा पत्त्यांचा खेळ निघाला आणि ऑगस्ट 1993 मध्ये त्याचा पहिला संच बाजारात आला. त्याला आता ‘अल्फा’ म्हणतात. छपाई झाली बेल्जियममधल्या टर्नहाउट गावी, कार्टा मुंडी या कंपनीत. पत्ते छापण्याचा या गावाचा धंदा एकोणिसाव्या शतकापासूनचा आहे आणि तिथे खेळण्याच्या पत्त्यांचं एक संग्रहालयही आहे.

‘कॉमन’ या शब्दाचा मूळ अर्थ त्या छापखान्यात सापडतो. पानं एकेकटी छापत नाहीत. पुठ्ठ्याच्या मोठ्या तावावर 11 ओळी आणि 11 रकाने, अशी 121 पानं एकदम छापून मग कापतात. कॉमन पानांचा ताव वेगळा, अनकॉमनचा वेगळा, रेअरचा वेगळा. पंधरा पानांचं पाकीट भरताना पहिल्या तावातली 11 पानं, दुसऱ्यातली 3 आणि तिसऱ्यातलं 1, असं प्रमाण धरलेलं होतं. म्हणजे कॉमन हा पानाचा दर्जा नाही. ते पान कोणत्या तावावर बसवलं आणि त्या तावातली किती पानं पाकिटात पडली, एवढीच गोष्ट तो शब्द सांगतो. अल्फाची एकूण 26 लाख पानं छापली गेली. त्यांत प्रत्येक रेअर पानाच्या सुमारे 1,100 प्रती होत्या, तर प्रत्येक कॉमन पानाच्या सुमारे 16,000. बोल्ट या दुसऱ्या गटातला.

ही वाटणी गारफिल्डने विचार करूनच केली होती. त्याचा अंदाज असा, की माणूस एक सुरुवातीचा संच घेईल, वर दोन-चार पाकिटं घेईल आणि तेवढ्यावर मित्रमंडळींत खेळेल. मग फार जबरदस्त पान रेअर असलं तरी सगळ्या मित्रमंडळींत ते एखाद्याकडेच असेल आणि खेळ बिघडणार नाही. लोकांनी मात्र पाकिटांचे खोकेच्या खोके उचलले आणि तो अंदाज कोसळला. कॉमन पानं तर डझनांनी गोळा होऊ लागली. पहिल्या नियमांत एका डेकमध्ये एकच पान किती वेळा घालावं याला मर्यादा नव्हती. वीस बोल्ट घालून बसलेल्या माणसासमोर कोण टिकणार? 1994च्या सुरुवातीला स्पर्धांसाठी नियम आला: डेक किमान 60 पानांचा आणि त्यात कुठल्याही एका पानाच्या जास्तीत जास्त चार प्रती. डोंगर, जंगल अशा साध्या जमिनींनाच त्यातून सूट. हा चाराचा नियम आजही पाळला जातो.

आता पान वाचू. मॅजिकचं कुठलंही पान साधारण 63 मिलिमीटर रुंद आणि 88 मिलिमीटर उंच असतं. डावीकडे वर नाव. उजवीकडे वर किंमत. बोल्टच्या पानावर तिथे लाल गोलात आगीच्या ज्वाळेची एकच खूण आहे. मधे चित्र, चित्राखाली पानाचा प्रकार, त्याखालच्या चौकटीत नियम आणि तळाशी चित्रकाराचं नाव. बोल्टचं मूळ चित्र ख्रिस्तोफर रश यांचं. याच रश यांनी ‘ब्लॅक लोटस’चं चित्र काढलं, जे या खेळातलं सर्वांत नावाजलेलं रेअर पान आहे. 2016 मध्ये ते वारले. एकाच माणसाने सर्वांत नावाजलेलं रेअर पानही रंगवलं आणि सर्वांच्या हातात असलेलं पानही, हे मला नेहमीच फार मोलाचं वाटत आलंय.

किंमत लाल ज्वाळेची, म्हणजे एक लाल ‘माना’. माना म्हणजे मंत्र टाकायला लागणारी शक्ती. ती जमिनीच्या पानांतून येते. आपल्या पाळीत एक जमीन खाली ठेवता येते. ‘माउंटन’ हे पान ठेवलं, ते वापरल्याची खूण म्हणून आडवं केलं, की एक लाल माना मिळाला. म्हणजे डावाच्या पहिल्याच पाळीत बोल्ट टाकता येतो. प्रकार लिहिलाय ‘इन्स्टंट’, म्हणजे समोरच्याची पाळी चालू असतानाही हे पान टाकण्याची मुभा आहे. नियम एका वाक्याचा: निवडलेल्या लक्ष्याला तीन डॅमेज. लक्ष्य समोरचा खेळाडू असेल तर त्याचे 20 प्राण 17 होतात. लक्ष्य त्याचा प्राणी असेल आणि त्याची सहनशक्ती तीन किंवा कमी असेल, तर प्राणी मेला.

एक माना, तीन डॅमेज. एवढंच. चांगलं कॉमन पान असंच असावं, असं माझं स्पष्ट मत आहे. नवख्याला एका दमात समजतं आणि मुरलेल्याला ते कधी टाकायचं याचा विचार वर्षानुवर्षं पुरतो.

हे ‘कधी’ टाकायचं, तिथेच बोल्टची सगळी गंमत आहे. त्यासाठी एक प्रसंग नीट बघू. समोरच्याकडे ‘ग्रिझली बेअर्स’ नावाचा प्राणी आहे. मारण्याची ताकद दोन, सहनशक्ती दोन. त्याच्या हातात ‘जायंट ग्रोथ’ आहे. तेही इन्स्टंट, एका हिरव्या मानाचं. प्राण्याची ताकद आणि सहनशक्ती त्या पाळीपुरती तीन-तीनने वाढवणारं. माझ्या हातात बोल्ट.

मॅजिकमध्ये टाकलेलं पान लगेच लागू होत नाही. ते एका काल्पनिक चळतीवर ठेवलं जातं आणि समोरच्याला उत्तर द्यायची संधी मिळते. त्याने उत्तर दिलं तर त्याचं पान माझ्या पानाच्या वर बसतं. मग वरून खाली एकेक पान लागू होत येतं. पंगतीतली धुतलेली ताटं एकावर एक रचली की शेवटी ठेवलेलं ताट आधी उचललं जातं, तसंच. 1999 साली नियम नव्याने बांधले तेव्हापासून खेळ या चळतीवर चालतो.

आता समजा, अस्वल नुसतं उभं आहे आणि मी घाईने त्याच्यावर बोल्ट टाकला. समोरचा उत्तरादाखल जायंट ग्रोथ टाकतो. त्याचं पान वर, म्हणून आधी तेच लागू होतं आणि अस्वल दोनाचं पाच होतं. मग माझा बोल्ट लागतो. तीन डॅमेज, सहनशक्ती पाच. अस्वल जिवंत. माझं पान वाया गेलं आणि वर त्याचं अस्वल त्या पाळीत पाचाने मारायला मोकळं.

उलट मी थांबलो. त्याने अस्वलाने हल्ला केला आणि मी गप्प बसलेला पाहून मोठा फटका मारायचा म्हणून जायंट ग्रोथ स्वतःहून टाकलं. ते चळतीवर आहे, अजून लागू झालेलं नाही. आता मी उत्तर म्हणून बोल्ट टाकतो. माझं पान वर, म्हणून आधी बोल्ट. अस्वलाची सहनशक्ती अजून दोनच आहे. अस्वल मेलं. मग जायंट ग्रोथची पाळी येते, तर वाढवायला प्राणीच उरलेला नाही. तेही फुकट गेलं. माझं एक पान खर्ची पडलं, त्याची दोन.

हातात पानं तीच, टेबलावर अस्वल तेच. फक्त आधी कोणी टाकलं यावर डाव फिरला. आणि या प्रसंगातली तिन्ही पानं, अस्वल, ग्रोथ आणि बोल्ट, अल्फामध्ये कॉमन होती. हे सांगितल्यावर भाचा ताठ बसला आणि त्याने बाजूला सारलेल्या चळतीकडे पहिल्यांदा नीट पाहिलं.

जायंट ग्रोथ आणि बोल्ट यांचं नातं आणखी जवळचं आहे. खेळात पाच रंग आहेत. अल्फामध्ये प्रत्येक रंगाला एका मानात कशाचे तरी तीन देणारं एक पान दिलं होतं. पांढऱ्याचं ‘हीलिंग सॅल्व्ह’ तीन प्राण परत देतं किंवा तीन डॅमेज अडवतं. काळ्याचं ‘डार्क रिच्युअल’ एका मानाचे तीन माना करतं. हिरव्याचं ग्रोथ आपण पाहिलंच, लाल बोल्टही पाहिला. निळ्याचं ‘अॅन्सेस्ट्रल रिकॉल’ तीन पानं उचलायला देतं. कागदावर पाचही भावंडं सारखी दिसतात. प्रत्यक्षात रिकॉल इतकं भयंकर ठरलं, की बहुतेक स्पर्धांत त्यावर बंदी आहे आणि जिथे चालतं तिथे डेकमध्ये एकच प्रत ठेवता येते. हीलिंग सॅल्व्ह मात्र आज कोणी गंभीरपणे डेकमध्ये घालत नाही. या पाचांत रेअर फक्त रिकॉल होतं, बाकी चार कॉमन. बोल्ट यांच्या बरोबर मधे उभा आहे: जोरदार, तरीही खेळ न मोडणारा. तीस वर्षं तो टिकला याचं कारण मला इथे दिसतं.

तरी रचनाकारांना तो मधे काही काळ जड वाटला होता. 1997च्या पाचव्या आवृत्तीत त्याला जागा मिळाली नाही. 1998 मध्ये ‘शॉक’ नावाचं पान आलं: किंमत तीच, डॅमेज दोन. लाल रंगाचं नेहमीचं हत्यार म्हणून मग तेच वापरात राहिलं. पुढे 2013 मध्ये तीन डॅमेजचं ‘लाइटनिंग स्ट्राइक’ आलं, पण दोन मानांना. या दोघांशेजारी बोल्ट ठेवला की तो किती स्वस्तात किती देतो ते आपोआप कळतं. मुख्य संचांतून बारा वर्षं बाहेर राहून तो ‘मॅजिक 2010’मध्ये परतला. हा संच निघाला जुलै 2009 मध्ये. नवं चित्र ख्रिस्तोफर मोलर यांचं आणि खूण पुन्हा कॉमनची. त्या छपाईमुळे 2011 मध्ये ‘मॉडर्न’ हा स्पर्धाप्रकार सुरू झाला तेव्हा बोल्ट त्यात आपोआप सामील झाला.

खेळाडूंच्या बोलण्यातही तो मुरला आहे. नवा प्राणी छापला गेला की पहिला प्रश्न, “बोल्टने मरतो का?” सहनशक्ती तीन असेल तर मरतो, चार असेल तर वाचतो, आणि त्या एका आकड्यावर प्राण्याची पत ठरते. दुसरं एक वाक्य जगभर ऐकू येतं, “बोल्ट द बर्ड”. समोरच्याने पहिल्या पाळीत ‘बर्ड्स ऑफ पॅरडाइज’ हा माना पुरवणारा इवलासा पक्षी ठेवला, की विचार न करता त्याला बोल्टने पाडा, नाहीतर तो तुमच्या एक पाऊल पुढे जाईल. अल्फामध्ये हा पक्षी रेअर होता. त्याला पाडायला कॉमन पान पुरतं.

खेळणाऱ्याच्या बाजूने इतकं. संग्राहक हेच पान वेगळ्या नजरेने पाहतो. बोल्ट काय करतो यात त्याला रस कमी. हा कोणता बोल्ट आहे, ते त्याला हवं असतं.

माझ्या भाच्यापुढे होती ती चौथ्या आवृत्तीची प्रत. ओळखायची कशी? किनार पांढरी आणि तळाशी 1995 हे साल छापलेलं. तिच्याआधीची 1994ची ‘रिव्हाइज्ड’ आवृत्तीही पांढऱ्या किनारीची, पण तळाशी साल नाही आणि रंग धुतल्यासारखे फिके. त्याआधीची डिसेंबर 1993ची ‘अनलिमिटेड’. तीही पांढरीच, पण रंग गडद आणि आतल्या चौकटीच्या कडेला उतार दिल्यासारखी दुहेरी रेघ. काळ्या किनारीच्या पहिल्या दोन छपाया अल्फा आणि बीटा. त्यांतला फरक कोपऱ्यात आहे. अल्फाचे कोपरे जास्त गोल कापले गेले, इतके की इतर पानांत मिसळले तर पाठीमागूनही ओळखू येतात. म्हणून स्पर्धेत अल्फाची पानं अपारदर्शक कव्हरात घालूनच खेळावी लागतात.

काळी किनार आणि जुनं चित्र दिसलं म्हणून हुरळून जाऊ नका. पान उलटून बघा. 1993च्या अखेरीस ‘कलेक्टर्स एडिशन’ म्हणून शोभेचा संच निघाला होता. त्याचे कोपरे चौकोनी आहेत आणि पाठीला सोनेरी किनार आहे. 2022 मध्ये खेळाच्या तिसाव्या वर्षानिमित्त काढलेल्या संचाची पाठही वेगळी आहे. ही दोन्ही अधिकृत स्पर्धांत चालत नाहीत. खऱ्या खेळाच्या पानाची पाठ 1993 पासून बदललेली नाही. तीवरच्या ‘डेकमास्टर’ या शब्दावर पेनाने ओढल्यासारखी एक रेघ चुकून छापली गेली, तीही कंपनीला तशीच ठेवावी लागली. पाठ बदलली असती तर जुनी-नवी पानं एका डेकमध्ये वेगळी ओळखू आली असती.

सगळ्यांत विलक्षण हकिकत 1994च्या उन्हाळ्यातली. रिव्हाइज्डचे फिके रंग सुधारायला एक नवी छपाई केली. ती उलट फार गडद निघाली, शिवाय तीत चुका राहिल्या. ‘हरिकेन’ हे हिरवं पान निळ्या चौकटीत छापलं गेलं. कंपनीने सगळा माल नष्ट करायचं ठरवलं. थोडी खोकी तेवढी दुकानांपर्यंत पोचली होती. या छपाईला ‘समर मॅजिक’ म्हणतात आणि तीतला बोल्ट, छापताना कॉमनच असलेला, आज मोठमोठ्या संग्राहकांनाही सहजी मिळत नाही. कोणत्या तावावर छापलं यावरून पान कॉमन ठरतं. पुढे किती प्रती उरतात, ते त्या तावाच्या हातात नसतं.

किमतीचं साधारण चित्र असं: गेल्या काही वर्षांत छापलेला बोल्ट एक-दोन डॉलरांत मिळतो, तर चांगल्या अवस्थेतल्या अल्फा बोल्टला शेकडो डॉलर पडतात. डावात दोन्ही तंतोतंत सारखे. जादा पैसे मोजायचे ते इतिहासासाठी, आणि ते मोजताना आपण काय विकत घेतोय हे मनाशी स्पष्ट असावं.

इतके पैसे फिरतात तिथे नकली पानं आलीच. तपासायला जवाहिऱ्यांचं दहापट मोठं दाखवणारं भिंग पुरतं. भिंगातून चित्र पाहिलं की खरी छपाई बारीक रंगीत ठिपक्यांच्या फुलांसारख्या रचनेत दिसते. नाव आणि नियमांची काळी अक्षरं मात्र ठिपक्यांची नसतात. ती वेगळ्या काळ्या शाईत, कडा धारदार, अशी बसलेली असतात. अक्षरांतही ठिपके दिसले तर पान स्कॅन करून छापलेलं आहे असं धरा. मग पाठ बघा. तिथे पाच रंगांचे पाच लहान गोल आहेत. त्यांतल्या हिरव्या गोलात भिंगाखाली चार लाल ठिपके इंग्रजी ‘एल’च्या आकारात दिसायला हवेत. आणि पानामागे मोबाइलचा टॉर्च धरा. खऱ्या पानाच्या दोन थरांमध्ये निळसर चिकट थर असतो. त्यातून उजेड थोडासा झिरपतो. अगदी आरपार आला किंवा मुळीच आला नाही तर शंका घ्या. पान वाकवून बघण्याची एक जुनी पद्धत काहीजण सुचवतात. ती करू नका. खऱ्या पानावरही कायमची घडी पडू शकते. यातली कुठलीही एक कसोटी पुरेशी नाही, सगळ्या लावाव्यात, आणि शेजारी खात्रीचं स्वस्त पान ठेवून तुलना करावी. इथेही कॉमन पानंच कामी येतात.

अवस्था पाहायची ती तिरप्या उजेडात. कडा पांढऱ्या पडल्यात का, पृष्ठभागावर चरे आहेत का, कोपरे दबलेत का. काळ्या किनारीच्या पानाची झीज लगेच दिसते, पांढऱ्या किनारीची लपते. म्हणून पांढऱ्याला जास्त वेळ द्या.

आता जपणूक, आणि इथे मुंबई-कोकणातल्या वाचकांसाठी थोडं जास्त. मॅजिकचं पान म्हणजे कागदच. पावसाळ्यात ते ओल धरतं. चकचकीत ‘फॉइल’ पानांचं तर फारच वाईट होतं, कारण कागदाचा थर ओल पिऊन फुगतो आणि वरचा धातूचा पातळ थर फुगत नाही. पान कमान करतं. घट्ट झाकणाचा डबा, आत सिलिका जेलच्या पुड्या, आणि जूनच्या आधी व सप्टेंबरनंतर त्या बदलणं, एवढं केलं तरी पानं सुखरूप राहतात. खेळायच्या पानांना कव्हर घाला. पानांच्या गठ्ठ्याला रबर लावू नका; रबर बाहेरच्या पानांच्या कडा चिरतं आणि उन्हाळ्यात विरघळून चिकटतं. फाइलमध्ये लावणार असाल तर पीव्हीसी नसलेली पानंच घ्या, पीव्हीसी काही वर्षांत घाम सोडतं.

भाच्याने शेवटी विचारलं, “पण मामा, नुसत्या कॉमन पानांनी कोणी खेळतं का?” खेळतात की. त्या प्रकाराचं नाव ‘पॉपर’. नियम एकच: पान कधीतरी, कुठल्यातरी संचात कॉमन म्हणून छापलं गेलेलं असावं. आधी तो इंटरनेटवर रुळला आणि 2019 मध्ये कंपनीने टेबलावरच्या खेळासाठीही तो अधिकृत केला, बंदी असलेल्या पानांची एकच यादी लावून. बोल्ट नंतरच्या काही संचांत अनकॉमन म्हणून छापला गेला, तरी पॉपरमध्ये त्याही प्रती चालतात, कारण एकदा कॉमन म्हणून छापलं गेलेलं पान या प्रकारात कायम पात्र राहतं. पॉपरचा लाल डेक बोल्टशिवाय मी तरी अजून पाहिलेला नाही. ज्याला हा खेळ शिकायचाय आणि खिशावर ताण नकोय, त्याने सुरुवात इथूनच करावी. एखादं भारी रेअर पान येतं त्या पैशांत पॉपरचे दोन डेक उभे राहतात, म्हणजे शिकवायला समोर बसणाऱ्याचीही सोय होते.

संध्याकाळपर्यंत आम्ही त्याने बाजूला सारलेल्या चळतीतून रंगवार पानं निवडली, माझ्या डब्यातली भर घातली आणि दोन डेक बांधले. त्याच्या लाल डेकमध्ये चार बोल्ट गेले: एक रिव्हाइज्डचा, एक चौथ्या आवृत्तीचा, एक मॅजिक 2010चा आणि एक त्याच्या पुढच्या वर्षीचा. पहिल्याच डावात त्याने ते चारही माझ्यावर टाकले आणि माझे 20 प्राण 8 झाले.